पहिले वर्ष कोणी शिकवायचे?

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

प्रवेशाच्या दिवसांत सगळीच वृत्तपत्रे उच्च शिक्षणावर पानेच्या पाने खर्च करतात. कोणत्या शाखेला मागणी आहे, गुणवत्ता यादी किती गुणांवर थांबली, अर्जाची अखेरची तारीख कोणती, हे सगळे वाचकाला घरबसल्या कळते. प्रवेश मिळाला की विषय संपतो आणि त्याची पुन्हा आठवण होते ती थेट निकाल लागल्यावर. पहिल्या वर्षात नापास झालेल्यांची किंवा मध्येच शिक्षण सोडून गेलेल्यांची संख्या पाहून ‘हल्लीच्या मुलांत चिकाटीच राहिलेली नाही’ असा शेरा मारला जातो आणि त्यावर सगळ्यांचे एकमत होते. मी अनेक वर्षे पहिल्या वर्षाच्या वर्गांना शिकवते आहे आणि मला हा शेरा मान्य नाही. शाळेत उत्तम गुण मिळवलेली, कष्टाची सवय असलेली मुलेही पहिल्या सत्रात गडबडतात, कारण विद्यापीठ त्यांच्याकडून ज्या गोष्टी गृहीत धरते त्या त्यांना कधी कोणी सांगितलेल्याच नसतात. त्या सांगण्याची, किंबहुना शिकवण्याची जबाबदारी विद्यापीठाची आहे आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच पार पाडायला हवी, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा बरेच लांबले आहे. जागेअभावी त्याला कात्री लावावी लागली तर माझी तक्रार असणार नाही.

सर्वांत मोठा बदल असतो तो वेळेचा. अभ्यासक्रमाचा बदल त्यामानाने सोपा. शाळेत दिवस दुसऱ्या कोणीतरी आखून दिलेला असतो. घंटा होते, शिक्षक येतात, गृहपाठ देतात, दुसऱ्या दिवशी तो तपासतात आणि केला नसेल तर तिथल्या तिथे जाब विचारतात. विद्यापीठाचे वेळापत्रक पहिल्यांदा हातात पडते तेव्हा विद्यार्थ्याचे लक्ष जाते ते त्यातल्या कोऱ्या चौकटींकडे. सोमवारी दोन तास, मंगळवारी तीन, बुधवारी दुपारनंतर काहीच नाही. हे पाहून मनातल्या मनात हायसे न वाटलेला विद्यार्थी विरळाच. त्या कोऱ्या चौकटींतही काम धरलेले आहे, हे वेळापत्रकावर कोठेच छापलेले नसते. युरोपातील विद्यापीठांनी हा हिशेब निदान कागदावर तरी उघड मांडला आहे. त्यांच्या सामाईक क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ अभ्यासाच्या एका वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि तेवढ्यासाठी विद्यार्थ्याने साधारण १५०० ते १८०० तास काम करावे, असे धरलेले असते. त्यात व्याख्यानाचे तास येतात, तसेच वाचनाचे, टिपणे काढण्याचे, प्रयोगवही पुरी करण्याचे आणि परीक्षेच्या तयारीचेही तास येतात. किंबहुना बऱ्याच विषयांत वर्गाबाहेरचेच तास अधिक भरतात. हे गणित ज्याला पहिल्याच आठवड्यात समजले तो बुधवारच्या दुपारकडे वेगळ्या नजरेने पाहतो. बाकीच्यांना ते सत्र संपता संपता समजते, कारण विद्यापीठातले काम रोज दार ठोठावत नाही. ते महिनाभर गप्प राहते आणि मग थकबाकी वसूल करायला आल्यासारखे एकदम उभे ठाकते.

मी वर्गाला कधी कधी एखाद्या दिवसाची नोंद लिहून आणायला सांगते. काय करायचे ठरवले होते ते डाव्या बाजूला आणि प्रत्यक्षात काय झाले ते उजव्या बाजूला. एका विद्यार्थिनीच्या नोंदीत डावीकडे ‘११ ते १ ग्रंथालय’ असे ठळक अक्षरात होते आणि उजवीकडे त्याच दोन तासांसमोर बारीक अक्षरात, जवळजवळ संकोचाने, लिहिले होते: ‘जागा मिळेपर्यंत मोबाइल. मग पुस्तक काढले. कोणता धडा ते आठवेना म्हणून ग्रुपवर विचारले. उत्तर येईपर्यंत मोबाइल.’ या मुलीला आळशी म्हणणे सोपे आहे. पण ती ठरल्या वेळी ग्रंथालयात गेली होती, पुस्तकही काढून बसली होती. तिला ठाऊक नव्हते ते एवढेच की त्या दोन तासांत नेमके काय करून उठायचे आहे. ‘आज अभ्यास करायचा’ हा बेत फसतो. ‘तिसऱ्या प्रकरणातली पहिली पाच उदाहरणे पुस्तक न उघडता सोडवायची’ हा बेत पार पडतो. शाळेत हे दुसरे वाक्य शिक्षक सांगत असत. आता ते आपले आपणच तयार करायचे असते आणि ते करायला शिकणे हा पहिल्या वर्षाचा एक संपूर्ण विषयच आहे, जो कोणत्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही.

अभ्यासाच्या पद्धतीचेही तसेच. पहिल्या चाचणीनंतर विद्यार्थी भेटायला येतात तेव्हा पुष्कळदा पुरावा म्हणून पाठ्यपुस्तकच समोर ठेवतात. पानामागून पान पिवळेजर्द केलेले असते. इतके, की जिथे मार्कर फिरला नाही अशी ओळ शोधावी लागावी. ‘मी हा धडा चार वेळा वाचला होता’ असे ते सांगतात आणि ते खरेच असते. पुस्तक मिटायला लावून ‘आता यातले मुख्य तीन मुद्दे सांग’ म्हटले की उत्तर येते, ‘येतंय, पण सांगता येत नाही.’ वाचलेले ओळखीचे वाटणे आणि ते स्वतःला मांडता येणे यांतला हा फरक शाळेत फारसा जाणवत नाही, कारण तिथे धडे छोटे असतात, उजळणी वर्गातच होते आणि प्रश्नांची धाटणी ठरलेली असते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा ओळीने चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या एका गटाने तोच उतारा एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणाऱ्यांना जेमतेम ४० टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. पहिल्या गटाने तो उतारा सरासरी चौदा वेळा वाचला होता, दुसऱ्याने तीन-चार वेळाच. आणखी बोलका भाग असा की आपल्याला चांगले आठवेल अशी खात्री अधिक होती ती वाचणाऱ्यांनाच. हे ऐकून वर्ग हसतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र बहुतेक जण पुन्हा मार्करच हाती घेतात. सवय एका व्याख्यानाने सुटत नाही. म्हणून विषयाच्या प्रत्येक शिक्षकाने तासाच्या अखेरीस पाच मिनिटे वह्या मिटायला लावून आठवेल ते लिहून घेतले पाहिजे, असे माझे मत आहे. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही आणि अभ्यासक्रमही मागे पडत नाही.

पहिल्या चाचणीचे गुण हा आणखी एक घाव असतो. वासरांत लंगडी गाय शहाणी, असे कोणी म्हटले तर ते या मुलांवर अन्यायाचे होईल, कारण ती खरोखरच हुशार असतात. पण आपल्या शाळेत जी पहिली येत होती ती आता जिथे बसलेली असतात तिथे प्रत्येक जण कुठून ना कुठून पहिलाच आलेला असतो. हर्बर्ट मार्श या शिक्षणशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिले आहे की सारख्याच कुवतीच्या दोन विद्यार्थ्यांपैकी जो अधिक हुशार मुलांच्या वर्गात बसतो तो स्वतःच्या कुवतीविषयी कमी बरे मत बाळगतो. त्याची बुद्धी तेवढीच राहते, मोजपट्टी बदलते. हे विद्यार्थ्याला आधी कोणी सांगितलेले नसते, त्यामुळे कमी गुण मिळाले की तो ‘माझी अभ्यासाची पद्धत चुकली’ असे न म्हणता ‘ही जागा माझी नव्हेच’ असा निष्कर्ष काढतो आणि हा निष्कर्ष सहसा कोणाला बोलूनही दाखवत नाही. त्यात आपली व्यवस्था अशी की पहिली गंभीर परीक्षा सत्राच्या मध्यावर किंवा अखेरीस येते, उत्तरपत्रिका त्यानंतर कित्येक दिवसांनी परत मिळते, कधी मिळतही नाही, आणि मिळाली तरी समासात एक आकडा असतो, त्यापलीकडे शब्द नसतो. चुकीची दुरुस्ती करायला अवधी उरलेला असतानाच चूक दाखवून द्यायला हवी, हे शिकवण्याच्या धंद्यातले पहिले तत्त्व आम्ही शिक्षकच पहिल्या वर्षाच्या बाबतीत विसरतो.

शालेय शिक्षण एका भाषेत आणि विद्यापीठीय शिक्षण दुसऱ्या भाषेत अशी स्थिती ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्यावर याच काळात दुहेरी ओझे असते. शिक्षकांचे एक वाक्य मनात उलगडेपर्यंत पुढची दोन निघून गेलेली असतात; वहीत अर्धी वाक्ये राहतात आणि रात्री ती वाचताना काहीच अर्थ लागत नाही. विषय कळत नाही असे विद्यार्थ्याला वाटते, पण पुष्कळदा विषय कळण्याच्या आतच तो भाषेशी झगडून थकलेला असतो. अशा विद्यार्थ्याला ‘भाषा सुधारा’ एवढेच सांगणे निरुपयोगी आहे. त्या विषयात वारंवार येणाऱ्या संज्ञांची यादी पहिल्या आठवड्यात हाती दिली, व्याख्यानाआधी त्या दिवशीची पाने कोणती ते सांगितले आणि शंका स्वतःच्या भाषेत विचारायला मोकळीक दिली, तर महिन्या-दीड महिन्यात चित्र बरेच पालटते. आधी वाचून आलेल्याला ऐकलेले कळते, एवढे साधे हे आहे.

शंका विचारण्याचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्या अडचणींचे मूळ तिथे आहे. आमच्या खोल्यांच्या दारांवर भेटीची वेळ लिहिलेली असते. ती वेळ विद्यार्थ्यांसाठी राखलेली आहे, त्या वेळी आत येऊन ‘हे मला समजले नाही’ एवढेच म्हणणे पुरेसे आहे, हे नव्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. अनेकांची समजूत अशी असते की ज्यांना बोलावणे येते त्यांनीच तिथे जायचे. दाराशी आलेला मुलगा आत दुसरे कोणी बसलेले पाहून परत फिरतो, दुसऱ्यांदा येतो तेव्हा वेळ टळलेली असते, तिसऱ्यांदा येत नाही. मग रात्री साडेअकराला निरोप येतो, ‘उद्या टेस्ट आहे का’. खाली नाव नाही, वर्ग नाही, विषय नाही. शिक्षक तो सहकाऱ्यांना दाखवून म्हणतात, काय ही रीत. पण ही रीत शिकवली कोणी होती? शिक्षकाला पत्र कसे लिहावे, शंका विचारताना आपण कुठवर पोचलो होतो ते आधी कसे सांगावे, मुदत वाढवून हवी असेल तर ती मुदत टळण्याआधी मागावी, शिफारसपत्र हवे असेल तर आपली ओळख आधी करून द्यावी, हे सगळे अलिखित नियम आहेत आणि विद्यापीठात वावरणाऱ्याला ते इतके अंगवळणी पडलेले असतात की ते नियम आहेत हेही जाणवत नाही.

ज्या घरात आई, वडील किंवा थोरले भावंड विद्यापीठात शिकून आलेले असते त्या घरातल्या मुलाला हे नियम जेवताना सहज बोलता बोलता कळतात. ‘घाबरू नकोस, पहिल्या सत्रात सगळ्यांचेच असे होते, जा आणि सरांना भेट’, हे एक वाक्य किती मोलाचे असते ते ज्याला ते सांगणारे घरात कोणी नव्हते त्यालाच विचारावे. घराण्यात पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या मुलाला मदत मागणे म्हणजे आपली कमतरता उघड करणे वाटते, आणि त्यामुळे ज्याला मदतीची गरज सर्वांत अधिक तोच ती सर्वांत कमी मागतो. परीक्षेत दोघांना प्रश्नपत्रिका एकच मिळते म्हणून आपण तिला समान संधी म्हणतो. मला तरी ती समान वाटत नाही.

आता घराच्या आठवणीविषयी आणि एकटेपणाविषयी. या गोष्टीला हसण्यावारी नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण घराची ही ओढ फार जुनी आणि गांभीर्याने नोंदवली गेलेली आहे. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे योहानेस होफर नावाच्या तरुणाने वैद्यकाच्या पदवीसाठी प्रबंध लिहिला तो घराच्या ओढीने येणाऱ्या आजारावरच. त्यात वर्णन केलेल्या रुग्णांपैकी एक बर्नहून बाझलला शिकायला आलेला तरुण होता. तो खिन्न झाला, ज्वराने अंथरुणाला खिळला, वाचण्याची आशा राहिली नाही. त्याला गावी परत न्यायचे ठरल्यावर मात्र त्याला उतार पडू लागला. आज कोणी याला ज्वर म्हणणार नाही. पण वसतिगृहाच्या खोलीत पहिल्या आठवड्यांत ज्यांना झोप येत नाही, भूक लागत नाही आणि सुट्टीची तारीख मोजत बसावेसे वाटते, त्यांनी आपण जगावेगळे आहोत असे मानण्याचे कारण नाही.

मैत्रीच्या बाबतीतही मुले स्वतःला विनाकारण दोष देतात. पहिल्या आठवड्यात सगळे घोळक्याने फिरताना दिसतात, सगळ्यांचे हसरे फोटो झळकतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की आपल्याखेरीज सर्वांना जिवाभावाचे सोबती मिळाले. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मांडलेल्या अभ्यासात, ज्यात नुकतेच विद्यापीठात आलेले विद्यार्थीही होते, नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो आणि जवळच्या मैत्रीसाठी तो २०० तासांहून अधिक लागतो, असे दिसून आले. एकत्र बसून वर्गात व्याख्यान ऐकण्याचे तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. लागतो तो रिकामपणी घालवलेला वेळ. पहिल्या महिन्यात ज्याला जवळचा मित्र मिळाला नाही त्याच्यात काही उणे आहे असे नव्हे. इतक्यात तो मिळणे अवघडच असते. म्हणून मी मुलांना एवढेच सुचवते की एखाद्या नेमाने भरणाऱ्या ठिकाणी जात राहा, मग ते वाचनमंडळ असो, खेळाचे मैदान असो की नाटकाची तालीम. पहिल्या दोन वेळा अवघडल्यासारखे झाले तरी तिसऱ्यांदा जा.

‘घर विसरल्याशिवाय मूल घडत नाही’ असे मानणारे शिक्षक आणि पालक पुष्कळ आहेत. या समजुतीला एके काळी शास्त्राचाही आधार होता. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याचा अभ्यास करणाऱ्या व्हिन्सेंट टिंटो यांचे १९७५ सालचे विवेचन या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. पुढे त्यांनी, मानवशास्त्रज्ञ आर्नल्ड व्हान जेनेप यांच्या १९०९ सालच्या मांडणीच्या आधारे, नव्या विद्यार्थ्याला आधी जुन्या समूहापासून वेगळे व्हावे लागते, मग मधली अवस्था ओलांडावी लागते आणि तेव्हाच तो नव्या समूहात सामावतो, असे म्हटले. यावर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले, विशेषतः अल्पसंख्य समाजांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा विचार करून: घराशी आणि आपल्या समाजाशी असलेले नाते हाच ज्यांचा आधार, त्यांना तो तोडायला सांगणे अन्यायाचे आहे. टिंटो यांनीही नंतर आपली भूमिका बदलली. मला हा आक्षेप अनुभवाने पटतो. घरच्यांशी नेमाने बोलणारी मुले मागे पडतात असे मला दिसलेले नाही. अडचण होते ती फोनची दोरी दुसऱ्या टोकाने ओढली जाते तेव्हा. रोज संध्याकाळी हजेरी घेणारे, मुलाच्या वतीने विभागप्रमुखांना फोन करणारे, चाचणीच्या गुणांवरून आठवडाभर अबोला धरणारे पालक मुलाला निर्णय घ्यायला शिकण्याची संधीच देत नाहीत. ‘काय जेवलास’ हे जरूर विचारावे. ‘आज काय काय केलेस, क्रमाने सांग’ हे विचारू नये.

आपण इथले आहोत, असे वाटणे किती महत्त्वाचे आहे हे ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ सालच्या एका प्रयोगातून फार स्पष्ट झाले. अमेरिकेतील एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले: आम्हालाही सुरुवातीला परके वाटत होते, हळूहळू ते गेले. मग त्यांनी स्वतःच्या अनुभवावर काही लिहिले आणि पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ते बोलून दाखवले. एवढाच तासाभराचा कार्यक्रम. पुढच्या तीन वर्षांत त्यातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण इतके सुधारले की श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या गुणांमधील अंतर निम्म्यावर आले. सगळीकडे हाच परिणाम तेवढ्याच प्रमाणात होईल असा दावा मी करणार नाही. मात्र मान्यवरांच्या भाषणांत जाणारा तास आपण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना मोकळेपणाने बोलायला दिला तर बिघडणार काय, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

झोपेविषयी थोडक्यात. झोपेच्या वेळांचे अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवल्याप्रमाणे किशोरवयात झोपेची नैसर्गिक वेळ पुढे पुढे सरकत जाते आणि वयाच्या साधारण विसाव्या वर्षी ती सर्वांत उशिराची असते. त्यानंतर ती पुन्हा अलीकडे येऊ लागते. म्हणजे सकाळी सातच्या तासाला पेंगणारा विद्यार्थी केवळ बेशिस्त आहे असे नव्हे. उरलेला दोष मोबाइलचा आहे, हेही तितकेच खरे.

परंतु सगळेच काही रुळण्याच्या त्रासात मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आठ देशांतील १९ विद्यापीठांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या वर्षाच्या सुमारे १४ हजार विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी साधारण एकतृतीयांश विद्यार्थ्यांमध्ये आयुष्यात कधी ना कधी चिंताविकार, नैराश्य यांसारख्या निदान एका मानसिक विकाराची लक्षणे आढळली, आणि यांतील बहुतेकांचा त्रास विद्यापीठात येण्याआधीच सुरू झालेला होता. घराची आठवण आठवड्यागणिक ओसरत जाते. उलट, जो विद्यार्थी आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर पडत नाही, ज्याचे जेवणखाण सुटले आहे, जो जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला आहे, त्याला ‘सवय होईल’ असे सांगून परत पाठवणे धोक्याचे आहे. त्याला त्याच दिवशी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे सोबतीने नेले पाहिजे. ‘सोबतीने’ हे महत्त्वाचे. नुसता पत्ता दिला तर तो जाईलच असे नाही.

मग विद्यापीठे काय करतात? बहुतेक ठिकाणी स्वागतदिन होतो. दीपप्रज्वलन किंवा तत्सम काही होते, चार भाषणे होतात, नियमांची जाड पुस्तिका वाटली जाते आणि नव्या विद्यार्थ्यांची विद्यापीठाशी ओळख झाली असे मानले जाते. ज्याला अजून वर्गाची खोली सापडत नाही त्याला त्या दिवशी गैरहजेरीचे नियम आणि पुनर्मूल्यांकनाची पद्धत सांगून काय उपयोग? तीच माहिती चौथ्या आठवड्यात दिली तर तो कान देऊन ऐकेल, कारण तोवर त्याला प्रश्न पडलेले असतात. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. १९७० साली तिथे विद्यार्थ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि आंदोलक थेट विद्यापीठाचे अध्यक्ष थॉमस जोन्स यांच्या कचेरीवर चालून गेले. जोन्स यांनी यातून जो धडा घेतला तो बंदोबस्त वाढवण्याचा नव्हता. १९७२ पासून तिथे नव्या विद्यार्थ्यांसाठी, लहान लहान गटांत, सत्रभर चालणारा एक स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला, जो आजही चालू आहे आणि ज्याचे अनुकरण पुढे अनेक विद्यापीठांनी केले.

यावर माझे सहकारीच मला म्हणतात की ही सज्ञान मुले आहेत, त्यांना किती दिवस घास भरवायचा? आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हेच तर सगळ्यांना हवे आहे. प्रयोगशाळेत मात्र पहिल्या दिवशी आपण त्याच सज्ञान मुलाला ज्वालक कसा पेटवायचा, आम्लाची बाटली कशी धरायची हे करून दाखवतो आणि त्याला कोणी लाड म्हणत नाही. वेळ वापरणे, वाचणे आणि विचारणे ही कामे दाखवून द्यायची वेळ आली की तेवढी ती आपोआप यावीत अशी अपेक्षा का? सुरुवातीला हाताला धरून दाखवावे आणि मग हात सोडावा. आपण मुळात हात धरतच नाही, आणि त्याला स्वावलंबनाचे शिक्षण म्हणतो.

मला जे बदल हवे आहेत ते फार खर्चाचे नाहीत. तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात प्रत्येक विषयाची एक छोटी चाचणी व्हावी, तिचे गुण निकालात धरू नयेत आणि उत्तरपत्रिका आठवड्याच्या आत, समासात शब्दांत शेरे लिहून परत मिळावी. पहिल्या महिन्यात जो विद्यार्थी वर्गात दिसेनासा होतो त्याला दंडाची नोटीस पाठवण्याआधी कोणीतरी फोन करून काय झाले ते विचारावे. आणि सर्वांत अवघड सूचना शेवटी करते, कारण ती आम्हा शिक्षकांना आवडणार नाही: पहिल्या वर्षाचे वर्ग नव्याने लागलेल्या किंवा तासिकेवर काम करणाऱ्या शिक्षकांच्या माथी मारण्याचा प्रघात थांबावा आणि विभागातल्या सर्वांत अनुभवी शिक्षकाने निदान एक तरी वर्ग पहिल्या वर्षाचा घ्यावा. आज ज्येष्ठतेचा पहिला लाभ म्हणजे पहिल्या वर्षापासून सुटका, असे अनेक ठिकाणी मानले जाते. तरुण शिक्षक कमी कळकळीने शिकवतात असे मुळीच नाही. परंतु ज्यांना उद्याच्या नेमणुकीची शाश्वती नाही त्यांच्याकडून विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या चौकशीची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

आपल्या दैनिकाच्या वाचकांत येत्या वर्षी मुलांना विद्यापीठात पाठवणारे पालक बरेच असतील. संस्थेची चौकशी करायला जातील तेव्हा त्यांनी इमारत, वसतिगृह आणि नोकऱ्यांचे आकडे यांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: पहिल्या वर्षाला कोण शिकवते, आणि पहिली तपासलेली उत्तरपत्रिका मुलाच्या हातात कोणत्या आठवड्यात पडते? मिळालेली उत्तरे त्यांनी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदराकडे पाठवली आणि आपण ती छापली, तर या विषयावर पहिल्यांदाच काही नेमकी माहिती सर्वांसमोर येईल.

आपली विश्वासू,
पहिल्या वर्षाच्या वर्गांना शिकवणारी एक प्राध्यापिका